लिहिण्यावरची पुस्तकं: शिफारस-यादीच्या कामाच्या नोंदी

२ जून

काम ठरलं. आमच्या लेखन-गटासाठी लिहिण्याच्या कलेवरच्या पुस्तकांची एक शिफारस-यादी करायची आणि ती मी करायची. गटात दर वेळी कुणीतरी विचारतंच की कथा लिहायला शिकायचंय, कुठलं पुस्तक वाचू, मग जो तो आपलं लाडकं नाव सांगतो, विचारणारा ते पुस्तक मिळवतो, उत्साहाने निम्मं वाचतो, पानोपानी खुणा करतो आणि त्याची कथा होती तिथेच राहते. पुस्तकं वाईट नसतात, बरीचशी खरंच छान असतात, पण लिखाण कुठे अडलंय आणि त्यावर कुठलं पुस्तक उघडायचं हे कुणी सांगत नाही. यादीने नेमकं तेवढं केलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नियम एकच. वाचायला आवडलं एवढ्यावर यादीत जागा नाही. पुस्तकातला निदान एक सल्ला किंवा स्वाध्याय आपल्या चालू लिखाणावर करून बघायचा, काय बदललं ते लिहून ठेवायचं, मग शिफारस. माझ्या हातात एक कथा आहे, आई गेल्यावर दोन बहिणी तिचं कपाट आवरायला बसतात एवढीच घटना, ड्राफ्ट पूर्ण आहे पण ढिला आहे. सगळे प्रयोग तिच्यावरच करणार, म्हणजे कुठल्या पुस्तकाने काय केलं ते शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.

४ जून

नावांची पहिली चाळण. नुसती नवी पुस्तकं घ्यावीत की जुनीही, यावर गटात बरंच बोलणं झालं. माझं मत असं की पाया म्हणून एक जुनं हवंच आणि ते ई. एम. फॉर्स्टरचं 'अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल'. १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक आहे, आणि आज कुठल्याही कार्यशाळेत सपाट पात्र (एकाच गुणाभोवती बेतलेलं), गोल पात्र (अनेक पैलूंचं) असं जे बोललं जातं ते तिथूनच आलंय. राजा मेला आणि मग राणी मेली ही झाली गोष्ट, राजा मेला म्हणून दुःखाने राणी मेली हे झालं कथानक, हा त्याचा फरकही तिथलाच. नव्या माणसाला हे एकदा नीट कळलं की पुढच्या निम्म्या पुस्तकांची भाषा आपोआप कळते. पण पूर्ण वाचायची सक्ती नको, कथा, पात्रं आणि कथानक यांवरची प्रकरणं पुरे.

बाकी बहुतेक २००० नंतरचं ठेवतेय.

९ जून

उर्सुला ले ग्विनचं 'स्टीअरिंग द क्राफ्ट'. पहिली आवृत्ती १९९८ ची, पण २०१५ साली तिने ते नव्याने लिहून काढलं, तीच आवृत्ती घ्यायची. हे पुस्तक मला यादीत सगळ्यात वर हवंय आणि त्यासाठी मी भांडायलाही तयार आहे. छोटंसं आहे, प्रत्येक प्रकरणात थोडंसं समजावणं, एखादा उतारा आणि मग सरळ स्वाध्याय, शब्दमर्यादेसकट. प्रेरणा वगैरे देत बसत नाही. वाक्याचा नाद, विरामचिन्हं, क्रियापदाचा काळ, कोणाच्या नजरेतून सांगायचं, अशा हातात धरता येणाऱ्या गोष्टींवर बोलते.

आज केलेला स्वाध्याय: साधारण २०० ते ३५० शब्दांचं वर्णन लिहायचं, एकही विशेषण किंवा क्रियाविशेषण न वापरता, आणि संवादही नाहीत. मी कथेतला कपाट उघडण्याचा प्रसंग घेतला. मूळ ड्राफ्टमध्ये असं होतं:

"जुन्या, गंजलेल्या कुलपाला तिने थरथरत्या हाताने हळूच किल्ली लावली आणि जड मनाने कपाटाचं दार उघडलं."

विशेषणं काढत गेल्यावर उरलं ते असं, "तिने कुलपाला किल्ली लावली आणि कपाटाचं दार उघडलं." म्हणजे काहीच उरलं नाही. मग कळलं की गंज, थरथर, जडपणा हे सगळं आता कृतीतून आणावं लागणार. बराच वेळ बसले त्यावर आणि शेवटी हे झालं:

"तिने कुलपाला किल्ली लावली. किल्ली फिरेना. ओढणीच्या टोकाने कुलूप पुसलं, बोटांना गंज लागला. तिने बहिणीकडे पाहिलं. बहीण खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिने किल्ली काढली, फुंकर मारली, लावली."

मूळ वाक्यात दुसरी बहीण नव्हतीच! विशेषणं काढल्यामुळे जागा रिकामी झाली आणि त्या जागेत ती येऊन उभी राहिली. असं काही हाताला लागलं की त्या पुस्तकाबद्दल कृतज्ञता वाटते. आता 'जुनं कुलूप' लिहायला बंदी आहे असं मुळीच नाही, ले ग्विनही तसं म्हणत नाही, हा तात्पुरता उपास आहे आणि नंतर एखादं विशेषण परत घेतलं तरी ते विचार करून घेतलं जातं.

१० जून

त्याच पुस्तकातला दुसरा स्वाध्याय, अख्खं पान एकाही विरामचिन्हाशिवाय आणि परिच्छेद न पाडता लिहायचं. विषय असा घ्यायचा की ज्यात घाई, गर्दी, गोंधळ आहे. मी सामान बाहेर काढतानाचा गलका घेतला.

यात मराठीची एक गंमत जाणवली. आपलं क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे पूर्णविराम नसला तरी कान तिथे आपोआप थांबतो, वाचणारा फारसा हरवत नाही. आणि आपल्याकडे मोडीत शतकानुशतकं असंच तर लिहिलं गेलं, ना विरामचिन्हं ना दोन शब्दांत जागा, छापील मराठीत विरामचिन्हांची शिस्त एकोणिसाव्या शतकात आली आणि त्याचं श्रेय इंग्रज कोशकार मेजर कँडीला दिलं जातं. त्यामुळे इंग्रजीत हा स्वाध्याय जितका विचित्र वाटतो तितका मराठीत वाटत नाही, उलट ओळखीचा वाटतो. पण फायदा होतोच. विरामचिन्हं काढल्यावर कुठलं वाक्य स्वतःच्या पायावर उभं आहे आणि कुठलं नुसतं स्वल्पविरामांच्या टेकूवर आहे ते लगेच दिसतं.

यादीसोबत द्यायच्या टिपणात लिहायचं: हा स्वाध्याय करून झाल्यावर दुसऱ्याला मोठ्याने वाचायला द्या, तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा.

१७ जून

जॉर्ज सॉन्डर्सचं 'अ स्विम इन अ पाँड इन द रेन', २०२१. सॉन्डर्स सिरॅक्यूज विद्यापीठात रशियन कथा शिकवतो, त्या वर्गाचं हे पुस्तक म्हणता येईल. सात कथा पूर्ण छापल्यात, चेकॉव्हच्या तीन, टॉलस्टॉयच्या दोन, तुर्गेनेव्ह आणि गोगोलची एकेक, आणि प्रत्येकीनंतर त्याचं विवेचन. त्यामुळे ज्यांनी यातलं काहीच वाचलेलं नाही त्यांनाही चालतं, वेगळी तयारी लागत नाही.

पहिली कथा तो एका वेळी एकच पान देतो. गाडीतून घरी परतणाऱ्या एका शिक्षिकेची चेकॉव्हची कथा आहे. एक पान झालं की थांबवतो आणि विचारतो, आत्तापर्यंत तुम्हाला काय कळलं, आता कशाची उत्सुकता आहे, गोष्ट कुठे जाईल असं वाटतंय. बस, एवढंच. आणि हे करता करता कळतं की प्रत्येक पान वाचकाच्या मनात काही अपेक्षा उभ्या करतं आणि पुढच्या पानाने त्यांचं काहीतरी करावं लागतं, पुरवायच्या, मोडायच्या नाहीतर वाढवायच्या, पण दुर्लक्ष नाही करायचं.

हाच प्रयोग कथेवर केला. गटातल्या एका ताईंना कथा एकेक पान करून दिली, पुढचं पान मागितल्याशिवाय द्यायचं नाही. पहिल्या पानानंतर त्या म्हणाल्या, "धाकटी काहीतरी लपवतेय." दुसऱ्यानंतर म्हणाल्या, "मोठीला ते माहितीये आणि ती विचारत नाहीये." मस्त. तिसऱ्या पानानंतर मी विचारलं, आता कशाची उत्सुकता आहे? त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "आता काही नाही गं, हे सगळं सामान आहे." तिसरं पान म्हणजे कपाटातल्या वस्तूंची यादी होती, साड्या, डबे, पावत्या, जुने फोटो, मला ते पान फार प्रिय होतं कारण त्यातलं वर्णन चांगलं जमलंय. पण चांगलं वर्णन आणि वाचकाची उत्सुकता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

आता त्या पानावर एकच वस्तू ठेवली आहे, एक दुरेघी वही, ज्यातलं अक्षर दोघींपैकी कुणाचंच नाही. धाकटी ती ओळखते, मोठी ओळखत नाही. पान परत ताईंना दिलं, त्यांनी पुढचं पान लगेच मागितलं.

सॉन्डर्सचा अजून एक सल्ला इथेच नोंदवते कारण तो रोज वापरण्यासारखा आहे. आपलंच लिखाण वाचताना कपाळावर एक काटा बसवलाय असं समजायचं, एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण, आणि वाचताना काटा कुठे झुकतोय ते प्रामाणिकपणे बघायचं. ऋण बाजूला गेला की लगेच कारणं शोधत बसायचं नाही, आधी नोंद करायची, मग वाक्य बदलायचं. असं पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा. शैली म्हणून जे म्हणतात ते त्या छोट्या छोट्या निवडींमधून तयार होतं असं त्याचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

२१ जून

दोन लोकप्रिय पुस्तकं एकत्र संपवते.

अ‍ॅन लॅमॉटचं 'बर्ड बाय बर्ड' (१९९४). सुरुवातच होत नाही अशांसाठी. ती टेबलावर एक इंचाची फोटोफ्रेम ठेवते, आज त्या चौकटीत मावेल एवढंच लिहायचं म्हणून, आणि पहिला खर्डा वाईटच असतो, तो तसा असू द्या, हे इतक्या प्रेमाने सांगते की खरंच धीर येतो. वाक्य कसं सुधारायचं हे मात्र इथे शोधू नका.

स्टीफन किंगचं 'ऑन रायटिंग' (२०००). निम्मं आत्मचरित्र आहे, निम्मा सल्ला. पहिला खर्डा दार बंद करून, म्हणजे फक्त स्वतःसाठी, दुसरा दार उघडून, म्हणजे वाचक डोळ्यांसमोर ठेवून, मधे निदान सहा आठवडे हस्तलिखित बाजूला. आणि दुसरा खर्डा म्हणजे पहिला वजा दहा टक्के, हे सूत्र त्याला शाळेत असताना एका नकाराच्या चिठ्ठीवर मिळालं होतं. मी केलं, २,८०० शब्दांच्या कथेतून २८० काढायचे. पहिले शंभरएक सहज जातात, 'अचानक', 'खरं तर', 'जणू काही', 'तिला वाटलं की'. त्यानंतर प्रत्येक वाक्याला विचारावं लागतं की तू का आहेस, आणि खरं काम तिथे सुरू होतं. क्रियाविशेषणांवरचा त्याचा राग मराठीत जशाच्या तसा लावू नये असं माझं मत. 'भराभर', 'हळूहळू', 'खुदकन', 'टचकन' ही आपल्या बोलण्याची लय आहे, ती सरसकट उपटून काढली तर गद्य परकं वाटायला लागतं. 'रागाने म्हणाली', 'दुःखाने म्हणाली' हे मात्र काढाच, संवादातून राग कळत नसेल तर संवाद परत लिहा.

२४ जून

व्हर्लिन क्लिंकेनबोर्गचं 'सेव्हरल शॉर्ट सेंटेन्सेस अबाउट रायटिंग' (२०१२). अख्खं पुस्तक कवितेसारखं ओळी तोडून छापलंय. त्यातली एक युक्ती, आपल्या परिच्छेदातलं प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्यायचं आणि मग बघायचं. एंटर दाबत जायचं, एवढंच काम.

कथेचं पहिलं पान असं केलं तर उजव्या कडेला सलग दिसलं: होतं, होती, होता, होतं, बसली होती, ठेवलं होतं. परिच्छेदात असताना हे डोळ्यांना दिसत नाही पण कानाला कंटाळा येतो आणि तो का येतोय ते कळत नाही. मग काही वाक्यं वर्तमानात आणली, काही दोन जोडून एक केली, काही क्रियापदाशिवायच सोडली, "खिडकीत धूळ. धुळीत बोटाच्या रेघा." मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करावं, दहा मिनिटांचं काम आहे. टिपणात हे ठळक अक्षरात टाकतेय.

२८ जून

गटाची बैठक. हारुकी मुराकामीचं 'नॉव्हेलिस्ट अ‍ॅज अ व्होकेशन' (मूळ जपानी २०१५, इंग्रजी अनुवाद २०२२) ज्या दादांनी वाचलं त्यांनी सांगितलं. कादंबरी चालू असताना रोज जपानी हस्तलिखिताची दहा पानं, जास्त सुचलं तरी दहा, कमी सुचलं तरी दहा. ही शिस्त सगळ्यांना माहीत असते, पण दादांनी दुसराच मुद्दा उचलला आणि तो फार उपयोगाचा आहे. पहिली वाचक त्याची बायको असते, आणि तिने एखाद्या जागेवर बोट ठेवलं की तो ती जागा बदलतोच, तिने सुचवलं तसंच बदलेल असं नाही, कधी बरोबर उलटं करेल, पण जागा बदलतो. म्हणजे वाचकाला जागा बरोबर कळते, उपाय कळेलच असं नाही.

आम्ही लगेच ठरवलं की पुढच्या बैठकीपासून अभिप्राय देताना नुसती जागा दाखवायची, उपाय विचारल्याशिवाय सांगायचा नाही. गटातल्या काकांना हे जड जाणार आहे, ते दोन वाक्यांत अख्खी कथा बदलून देतात, पण तेही हो म्हणाले.

५ जुलै

मॅथ्यू सलेसेसचं 'क्राफ्ट इन द रिअल वर्ल्ड' (२०२१). यावर मी जास्त वेळ घेतला आणि घ्यायलाच हवा होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की क्राफ्ट, म्हणजे लिहिण्याची कारागिरी, म्हणून जे नियम शिकवले जातात ते सगळीकडे लागू असलेले निसर्गनियम नाहीत, ते विशिष्ट वाचकवर्गाच्या अपेक्षा आहेत. नायकाला काहीतरी हवं असतं, अडथळा येतो, संघर्ष, कळस, बदल, हा साचा एका परंपरेचा आहे. पूर्व आशियातली चार टप्प्यांची रचना तो दाखवतो, ज्यात संघर्षावाचूनही गोष्ट पुढे जाते, तिसऱ्या टप्प्याला एक अनपेक्षित वळण येतं आणि चौथा सगळं जुळवतो.

आपल्याला तर हे सहज समजायला हवं. पंचतंत्रात गोष्टीतून गोष्ट निघते, अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात कोण कोणाला सांगतंय हे धरून ठेवावं लागतं, आणि तरी ऐकणारा सोडून जात नाही. मग आपल्या कथेत संघर्ष कमी आहे म्हणून ती कच्ची, असं आपणच आपल्याला का सांगतो? माझ्या कथेबद्दल गटात हीच तक्रार होती, दोन बहिणी भांडत नाहीत, मग कथा कुठाय. मी भांडण घालूनही पाहिलं होतं, ते खोटं वाटलं. आता वहीच्या जागी वळण आहे आणि भांडण नाही, ते पुरतंय.

याच्या जोडीला जेन अ‍ॅलिसनचं 'मीअँडर, स्पायरल, एक्सप्लोड' (२०१९) ठेवतेय, कथेचे आकार लाट, नागमोड, चक्राकार, जाळं असे असू शकतात हे उदाहरणांसकट दाखवतं. सलेसेस का ते सांगतो, अ‍ॅलिसन कसं ते. पण पहिलीच कथा लिहिणाऱ्याला ही दोन्ही देऊ नयेत, आधी काहीतरी लिहून झालेलं हवं.

१४ जुलै

मॅट बेल, 'रिफ्यूज टू बी डन' (२०२२). कादंबरी तीन खर्ड्यांत कशी लिहायची. पहिल्यात मोकळं सोडायचं, तिसऱ्यात वाक्य वाक्य घासायचं, आणि मधला भाग खरा मोलाचा: पहिला खर्डा वाचून जे आहे त्याची रूपरेषा काढायची, ती सुधारायची आणि मग अख्खी कादंबरी पुन्हा टाइप करायची. कॉपी-पेस्ट नाही. जुनी फाईल समोर, नवी फाईल कोरी.

ऐकून सगळ्यांनी नाकं मुरडली. मी कथेवर केलं, कादंबरीपेक्षा सोपं आहे मान्य. पण काय होतं ते बघा, जे वाक्य पुन्हा टाइप करायचा कंटाळा येतो ते वाक्य वाचकालाही कंटाळवाणं असतं. आईच्या लग्नाच्या आठवणीचा एक लांब तुकडा होता, तिथे पोचले आणि बोटं थांबली, सोडून पुढे गेले आणि नंतर कुणालाच तो गेल्याचं कळलं नाही. शिवाय टाइप करताना नवीन वाक्यं आपसूक येतात, एडिट करताना ती येत नाहीत, कारण एडिट करताना आपण आहे तेच हलवत बसतो.

शिफारस पक्की, ज्यांचा पहिला खर्डा पूर्ण आहे फक्त त्यांना.

१९ जुलै

यादीबाहेर काय ठेवलं त्याची नोंद. अमुक पानावर पहिलं वळण, तमुक पानावर दुसरं असा तक्ता देणारी पुस्तकं नाहीत. पटकथेला तो उपयोगी पडत असेल, कथेला लावला की सगळ्या कथा एकाच उंचीच्या होतात. लिहिण्याच्या सवयींवरच्या पुस्तकांपैकी एकच ठेवलं, जॅमी अ‍ॅटनबर्गचं '१००० वर्ड्स' (२०२४), रोज हजार शब्द, दोन आठवडे, सगळ्यांनी मिळून लिहायचं या तिच्या उपक्रमातून आलेलं. बऱ्याच लेखकांची पत्रं आहेत त्यात, एका दमात न वाचता लिहायला बसण्याआधी एकेक वाचावं.

२६ जुलै

यादीचं स्वरूप ठरलं आणि फाईल गटाला पाठवली. लेखकाच्या नावाप्रमाणे किंवा सालाप्रमाणे क्रम न लावता अडचणीप्रमाणे लावलाय:

सुरुवातच होत नाही: लॅमॉट, अ‍ॅटनबर्ग.
लिहितोय पण वाक्यं बेचव होतायत: ले ग्विन, क्लिंकेनबोर्ग.
खर्डा आहे पण वाचक मधेच सोडतो: सॉन्डर्स.
खर्डा पूर्ण, आता काय: किंग, बेल.
सगळे सांगतात रचना चुकलीय आणि मला तसं वाटत नाही: सलेसेस, अ‍ॅलिसन.
अभिप्राय कसा घ्यावा: मुराकामी, आणि सलेसेसचा दुसरा भाग.
कार्यशाळेत बोलतात ती भाषाच कळत नाही: फॉर्स्टर.

प्रत्येकासोबत एका पानाचं मराठी टिपण जोडलंय, स्वाध्याय आपल्या शब्दांत, म्हणजे इंग्रजी वाचायला जड जाणाऱ्यालाही आज संध्याकाळी बसून तो करता येईल, पुस्तक हातात नसलं तरी. टिपणाखाली रिकामी जागा सोडली आहे, जो करेल त्याने आपलं आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य तिथे लिहायचं.

ताईंनी ले ग्विनचा स्वाध्याय करून पाठवलाही. काकांनी बेल घेतलंय. कविता आणि ललितगद्य लिहिणाऱ्या दोघांनी विचारलं की आमच्यासाठी काय, आणि रास्त आहे, ही यादी कथा-कादंबरीकडे झुकलेली आहे. त्यांच्यासाठी मेरी कारचं 'द आर्ट ऑफ मेम्वार' (२०१५) आणि मेलिसा फेबोसचं 'बॉडी वर्क' (२०२२) काढून ठेवलीत, दोन्ही आत्मपर लेखनावरची. कवितेचा भाग त्या दोघांपैकी जी कविता लिहिते तिने अंगावर घेतलाय, नियम तोच राहील. ऑगस्टपासून कार वाचायला घेते.